मौनीच्या पोटातली किल्ली

त्याला सगळे गॅरंटी म्हणत. शाळेत असताना परीक्षेआधी छाती ठोकून "पास होणार, गॅरंटी!" म्हणायचा. पास कधी व्हायचा, कधी नाही, पण नाव मात्र कायमचं चिकटलं. असा हा माणूस त्या दिवशी दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ऐसपैस बसून आईला सांगत होता, की आज शोरूमवाल्या बाई घरी येणार, मौनी पाहणार आणि ऑर्डर देऊनच उठणार. यात शंकेला जागाच नाही.

मौनी म्हणजे त्याने आणि त्याच्या भागीदारणीने मिळून बनवलेली बोलकी पेटी. आकाराने बिस्किटांच्या डब्याएवढी. बोलाल ते ऐकणार, विचाराल ते सांगणार, गॅस बंद करायची आठवण करणार. अशा पेट्या बाजारात पुष्कळ आहेत आणि बऱ्याचशा फुकटात पदरात पडतात. मौनीला मात्र दरमहा वर्गणी होती. का? तर तिच्यात शिरलेली गोष्ट घराबाहेर जात नाही. जाहिरातवाल्यांना नाही, कंपनीला नाही, बनवणाऱ्यालाही नाही. एवढंच काय, घरातल्या घरातसुद्धा ज्याचं त्याला. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, तो त्याच्याच आवाजाने उघडणार. बोलणाऱ्या पेटीला मौनी कसलं नाव ठेवता, असं आईने एकदा विचारलं होतं, पण तेव्हा गॅरंटी कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

आज मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. शोरूमवाल्या बाईंची विजेच्या वस्तूंची मोठमोठी दुकानं होती. त्यांनी मौनी ठेवली तर कंपनी तरली. नाही ठेवली तर गॅरंटीला मेहुण्याच्या प्लायवूडच्या वखारीत नोकरी धरावी लागणार होती. मेहुण्याने त्याच्यासाठी टेबलही पुसून ठेवलं होतं म्हणे!

बाई आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. किल्ल्यांचं भलंमोठं जुडगं टेबलावर ठेवून त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. फुकट मिळत असताना लोक पैसे का मोजतील, असं त्यांचं म्हणणं.

गॅरंटीचं उत्तर पाठच होतं. फुकटची पेटी म्हणजे घरात ठेवून घेतलेली चहाडखोर मोलकरीण. पगार आपण देत नाही, म्हणजे दुसरं कोणीतरी देतंय. मौनीचा पगार आपण देतो, म्हणून ती आपल्याशी इमान राखते. बाईंनी मान डोलावली, पण भुवई काही खाली आली नाही.

"इमानाच्या गोष्टी सगळेच करतात," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं गिऱ्हाईक बघतेय. त्याचा छापील कागदावर विश्वास नसतो. त्याला डोळ्यांनी बघायचं असतं."

एवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. आईचा एक जुना स्वभाव. पाहुणे आले, की टेबलावर जे काही दिसेल ते उचलायचं आणि कुठेतरी दडपून ठेवायचं. वर्तमानपत्र, चष्मा, औषधाच्या गोळ्या, कोणाचं काय याची चौकशी नाही. पूर्वी मग ती वस्तू आठवडाभर सापडायची नाही. मौनी आल्यापासून आईने युक्ती काढली होती. वस्तू कुठे ठेवली ते जाऊन मौनीच्या कानात सांगायचं, आणि लागेल तेव्हा विचारायचं. ट्रे ठेवायला जागा करून आई गेली, थोड्या वेळाने पोहण्याची पिशवी खांद्याला लावून पुन्हा दारात आली. टेबल आवरलंय, मौनीला सांगून ठेवलंय, असं म्हणून तलावावर निघूनही गेली.

बाईंचा चहा संपला. गोदामाच्या दारात मालाचा ट्रक उभा असल्याचा फोन आला. त्या उठल्या, टेबलाकडे हात नेला, आणि हात तसाच राहिला. जुडगं गायब. गाडीची, घराची, गोदामाची, सगळ्या किल्ल्या त्यात.

गॅरंटी हसला. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला. याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठलं? त्याने ऐटीत हाक मारली, "मौनी, आईने किल्ल्या कुठे ठेवल्या?"

"ती गोष्ट तुमच्या कप्प्यातली नाही," मौनी गोड आवाजात म्हणाली. "ज्यांची आहे त्यांनाच विचारा."

"बघा मॅडम!" गॅरंटी टाळी वाजवून म्हणाला. "पोटच्या मुलालाही सांगत नाही!"

"वा," बाई म्हणाल्या. "आता किल्ल्या द्या."

इथे गॅरंटीच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. आईला फोन लावला. वाजत राहिला. फोन तलावावरच्या कपाटात आणि आई पाण्यात. मग दोघांनी मिळून उशा उचलल्या, गाद्या उलथ्या केल्या, फ्रीज धुंडाळला. आईचा गेल्या वर्षी हरवलेला चष्मा सापडला, किल्ल्या नाहीत. तिकडे ट्रकवाला दर थोड्या वेळाने फोन करून बाईंना आपली अडचण सांगत होता, आणि प्रत्येक फोनला त्याची भाषा जास्त मोकळी होत होती.

शेवटी गॅरंटीने भागीदारणीला फोन लावला. मौनीचं डोकं तिने घडवलं होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन त्याने हळू आवाजात विचारलं, की आईचा कप्पा उघडायची एखादी चोरवाट ठेवली असशीलच ना?

भागीदारीण म्हणाली, की चोरवाट ठेवलीस तर भागीदारी मोडेन, असा दम तूच मला दिला होतास. तेव्हा नाही ठेवली.

"अगं, पण बारीकशी फट तरी?"

"फटसुद्धा नाही. लोकांना तू तेच सांगतोस ना?"

"लोकांना सांगतो गं, पण..." म्हणत गॅरंटी वळला, तर बाई दारात उभ्या. हाताची घडी घातलेली. त्याने फोन खिशात टाकला आणि घसा खाकरला.

आता शहाणा माणूस असता तर तिथेच थांबला असता. पण प्लायवूडच्या वखारीतलं ते पुसलेलं टेबल गॅरंटीच्या डोळ्यांपुढे नाचत होतं. तो मौनीसमोर वाकला, आवाज बारीक केला आणि आईच्या आवाजात म्हणाला, "मौनी बाळा, मी गं. किल्ल्या कुठे ठेवल्या मी? मेलं काही लक्षातच राहत नाही."

"आवाज जुळत नाही," मौनी म्हणाली. "घसा बसला असेल तर खूणशब्द सांगा."

खूणशब्द! गॅरंटीला हायसं वाटलं. एकुलत्या एका मुलाच्या आईचा खूणशब्द काय असणार? त्याने आईच्या आवाजात स्वतःचं लाडकं नाव सांगितलं.

"चूक," मौनी म्हणाली.

हे जरा लागलंच त्याला. मग त्याने बहिणीचं नाव सांगितलं. तेही चूक निघालं, तेव्हा थोडं बरं वाटलं. शेवटी बाबांचं सांगितलं. तेही चूक! ही बातमी बाबांच्या कानावर घालायची नाही असं तो ठरवतोय, तोच मौनीने सूर बदलला. "परका माणूस कप्पा उघडायचा प्रयत्न करतोय. कळवत आहे," म्हणाली आणि जोराची शिट्टी वाजवायला लागली.

ही शिट्टी गॅरंटीचीच कल्पना. कप्पा कोणी फोडू लागला तर मालकाला फोन जाणार, आणि मालकाने उचलला नाही तर मालकाने नेमून दिलेल्या माणसाला. आईने कोणाला नेमलं असेल हे त्याने कधी विचारलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार पायऱ्या गडगडत उतरले तेव्हा ते कळलं. फौजदारांनी आत येऊन पाहिलं, तर गाद्या उलथ्या, फ्रीज उघडा, एक अनोळखी बाई उभी, आणि गॅरंटी पेटीपुढे ओणवा होऊन बायकी आवाजात गयावया करतोय.

"काका, मी घरातलाच आहे," तो शिट्टीवर आवाज चढवून ओरडला.

"घरातलेच असतात," फौजदार म्हणाले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. चोरी घरच्यांनी केल्याची किती प्रकरणं आपण सोडवली ते सांगत त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि समोर स्वतः बसले. बाईंना पाणी दिलं.

ओले केस पुसत आई आली तेव्हा घरात हे असं दृश्य होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे मौनीकडे गेली, कानात काहीतरी पुटपुटली, शिट्टी थांबली. मग तिने सगळ्यांना बाल्कनीत पिटाळलं. आपली लपवायची जागा ती कोणाला दाखवणार नव्हती. फौजदारांनाही नाही. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात जुडगं होतं.

"आई, तू माझं नाव नेमून द्यायचंस ना," गॅरंटी कळवळून म्हणाला.

"देणार होते," आई म्हणाली. "पण फोडायला कोण येईल असा विचार केला, तर डोळ्यांपुढे तूच आलास."

बाईंनी जुडगं पर्समध्ये टाकलं. गॅरंटीला वाटलं, झालं, गेली ऑर्डर. मेहुण्याला काय तोंड दाखवायचं? त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"मौनी मी सगळ्या दुकानांत ठेवते," बाई म्हणाल्या. "बनवणाऱ्याने जंग जंग पछाडलं तरी उघडली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गिऱ्हाइकालाही तेच दाखवायचं. दर रविवारी तुम्ही दुकानात यायचं आणि आज केलंत ते सगळं करायचं. आईचा आवाजसुद्धा."

आणि गॅरंटी गेला. न जाऊन सांगतो कोणाला! पहिल्या रविवारी दुकान तुडुंब भरलं. त्याने विनवण्या केल्या, आवाज काढले, घाम गाळला. मौनी बधली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रांग लावून पेट्या घेतल्या, आणि त्याची छाती पुन्हा फुगली. हे सगळं यश आपलंच, अशी त्याची खात्री झाली.

फक्त पैसे भरताना जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाइकाने बाईंना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून तेवढी एकच विनंती केली. पेटी बसवायला घरी दुसऱ्या कोणालातरी पाठवा, या गृहस्थांना नको.