मधूभाऊंची मुकी पेटी

आमच्या शेजारचे मधूभाऊ ठोंबरे भिंतीवरच्या घड्याळात सेल घालायचा असला की आधी पायांत गमबूट चढवतात. भातलावणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे. मग हातांत रबरी मोजे. मग मला सूचना, "वयनी, तुमी जरा लांब ऱ्हावा." सेल पेन्सिलचा असतो. तरी मी लांब उभी राहते, कारण त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती असते आणि तिला तोंडावर हसणं बरं दिसत नाही. हसायचं ते मी घरी येऊन हसते.

आता गंमत अशी, की हा माणूस सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजकेंद्रात करून निवृत्त झाला. त्यामुळे गावात कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाचा पंखा घरघरला, की लोक तो उचलून यांच्या ओट्यावर आणून ठेवतात. मधूभाऊ हात मागे बांधून तो पंखा दुरूनच पाहतात.

"अरं बाबा, मी रजेचे अर्ज बघायचो. वीज खाली तयार व्हायची, आमी वर बसायचो. तिची माझी ओळख नाय."

तर हे मधूभाऊ गेल्या दिवाळीनंतर एकदा कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "वयनी, मी मिडी बनवतोय."

मिडी म्हटल्यावर मला आपला झगा आठवला. शाळेत असताना माझ्याकडे एक होती, निळ्या फुलांची. म्हटलं, शिवणकाम कधी शिकलात?

"तशी मिडी नाय वो. मिडी कंट्रोलर! बटणांची पेटी असते. ती कॉम्प्युटरला जोडायची. बटण दाबलं की कॉम्प्युटर वाजतो."

"आणि पेटी?"

"पेटी वाजत नाय. पेटी फक्त कळवते, की ह्यांनी अमुक बटण दाबलंय, तरी सा वाजवण्यात यावा." मग जरा विचार करून म्हणाले, "माझंच काम हाय ते. मी तरी कुठं काय बनवलं? आलेलं पुढं कळवलं."

ही कल्पना मुळात तेजूची. तेजू त्यांची एकुलती एक मुलगी, बंगळूरला जाहिरातींना संगीत देते. दिवाळीत आली तेव्हा तिच्याकडे अशी पेटी होती. 'बाबा, ही घरीसुद्धा बनवता येते,' असं ती बोलता बोलता म्हणाली आणि परत गेली. बोलणारी गेली, ऐकणारा कामाला लागला.

पहिल्याच दिवशी ते कर्जतच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "सोल्डरिंगची इस्त्री द्या, बारकी." दुकानदाराने अर्धंच ऐकलं असावं. मधूभाऊ प्रवासात न्यायची कपड्यांची इस्त्री घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी परत करायला गेले, ते तारा डाग देऊन जोडायची खरी इस्त्री घेऊन आले. ती मात्र त्यांनी तापलेल्या टोकाकडून धरली. आठवडाभर त्यांच्या आमटी-भातात चमचा होता.

पेटीसाठी त्यांनी घरातला स्टीलचा मसाल्याचा डबा काढला. झाकणाला भोकं पाडून बटणं बसवली, आत छोटा सर्किट बोर्ड ठेवून तारा जोडल्या. एक बटण दाबलं आणि सगळे सूर एकदम कोकलले. स्टीलच्या डब्यात उघड्या तारा, दुसरं काय होणार!

"मे महिन्यात अशेच यायचे," मधूभाऊ म्हणाले. "सगळेच्या सगळे, रजेचा अर्ज घिऊन."

मग डबा बदलला. काजूकतलीचा, पुठ्ठ्याचा. आणि त्या डब्यात भूत शिरलं. मी चहा घेऊन गेले होते. मधूभाऊ गमबूट घालून खुर्चीवर उभे, आणि कुणी हात लावलेला नसताना कॉम्प्युटर मधूनच टॅंव टॅंव करतोय.

"वयनी, कुणीतरी वाजवतंय!"

तेजूला फोन लागला. ती इतकी हसली की मलाही ऐकू आलं. "बाबा, भूत नाही. तुमची तार मोकळी आहे. मोकळ्या तारेला हवेतलं काहीही ऐकू येतं. एक रेझिस्टर लावून तिला ग्राउंडला बांधा."

मधूभाऊंनी आज्ञा पाळली. तार खिडकीतून बाहेर काढली, अंगणात आणली आणि जास्वंदीच्या मुळाशी ओल्या मातीत खोचली. वरून तांब्याभर पाणी घातलं.

"बाबा, ग्राउंड म्हणजे त्या बोर्डावरचीच एक जागा असते!" हे समजवायला तेजूला पुढचा पाऊण तास लागला.

आमची नि त्यांची पडवी एकाच भिंतीची, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. कुसुमताई, म्हणजे मधूभाऊंची बायको, गेल्यापासून बाप-लेकीचा फोन कसा असायचा तेही मला ठाऊक आहे. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." मग "बरं, ठेवते." त्याआधी सगळं बोलणं कुसुमताईच करायच्या. हे दोघं नुसते मागून माना हलवायचे.

आता मात्र रोज संध्याकाळी फोन. तारेवरून सुरू झालेलं बोलणं तेजूच्या घरमालकिणीवर, तिथल्या आंबट सांबारावर, ऑफिसातल्या कुणा एका मुलावर जायचं. भिंतीपलीकडे मधूभाऊ खो खो हसत. मला वाटायचं, यांना पेटीचं एवढं वेड कसं लागलं?

परवा संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "वयनी, या. बघा."

पहिलं बटण दाबलं. सा. मग रे, मग ग. एकेक करत वरच्या सापर्यंत सगळी सुरात वाजली. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, पेढे आणा आता!

मधूभाऊ पेटीकडे बघत राहिले.

"झालं की वो, वयनी," ते म्हणाले. "आता तिला काय इचारू?"

तेवढ्यात फोन वाजलाच.

"बाबा, काय झालं? वाजलं का सगळं?"

मधूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "नाय गं. बाकीची वाजतात. तिसरं बटण मुकं हाय."

"दाखवा बघू. कॅमेरा लावा."

त्यांनी घाईघाईने तिसऱ्या बटणाची तार उपटली आणि फोन पेटीवर धरला. मी मागेच उभी होते. पडद्यावर मलासुद्धा ती तार स्वच्छ दिसत होती. सगळ्यांच्या वर उभी राहिलेली, टोकाला चकचकीत.

बंगळूरला बसून भूत ओळखणाऱ्या मुलीला एवढी तार दिसली नसेल असं कसं म्हणू?

"बाबा," तेजू म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच लागला. "हे सोपं दिसत नाही. एका दिवसात नाही सापडणार. आपण पहिल्या बटणापासून बघत येऊ. रोज एक. चालेल?"

"चालंल की. घाई कुणाला हाय?"

"मग खुर्ची घेऊन नीट बसा. मी चहा घेऊन येते माझा."

मधूभाऊंनी खुर्ची ओढली. मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन दार हळूच लोटून घेतलं.