बाबांच्या नावाची चार पोती

पिकअपच्या हौद्यात सिमेंटची आठ पोती होती, प्रत्येकी पन्नास पौंडांची. चार शवपेटीच्या नावाची, चार बाबांच्या. बाबा स्वतः अंगणात खुर्ची टाकून, नाकात ऑक्सिजनची नळी घालून देखरेख करत होते.

सदुसष्ट सालची ती गाडी एलॉयने पुढची स्प्रिंग कापून आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे कमी करून खाली बसवली होती. त्यांच्या एस्पान्योला गावात गाडी जितकी खाली, तितकी घराण्याची मान वर; पण ती सपाट दिसली पाहिजे. याच गाडीतून बाबांना दफनभूमीपर्यंत न्यायचं होतं.

"माझी शेवटची फेरी आहे," बाबा म्हणाले. "मागून वर उठली तर मी पेटीतून उठेन."

"नाही उठणार, बाबा."

"कोण, मी की गाडी?"

एलॉयने गाडीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. पोत्यांच्या वजनाने पुढे-मागे सारखी. बाबांनी मान डोलावली.

त्यांना जायला आणखी चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ते निम्मे झाले, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. गाडीच्या हिशेबात मात्र कुणी धरलं नाही.

चर्चच्या दारात पेटी हौद्यात सरकवली, तर मागची बाजू पाऊण इंच वरच राहिली. परक्याला दिसलंही नसतं. पण इथे परकं कोणी नव्हतं. मागे चकचकीत गाड्यांची रांग होती आणि त्यांचे मालक हॅट छातीशी धरून, मान तिरकी करून बघत होते.

"अरे, माझ्या भावाला पुरायला नेताय की शर्यतीला?" फाकुंदो काका कुजबुजले.

"दोन पोती आणतो," एलॉय म्हणाला.

"माझ्या नवऱ्याशेजारी सिमेंट ठेवून तर बघ!" आई म्हणाली.

"मग मी बसतो," म्हणत काका चढले. मागची बाजू दणकन बसली आणि गाडीने नाक वर केलं.

"उतरा, काका."

"सकाळपासून काही खाल्लेलं नाही रे मी."

"उतरा!"

एलॉयने मनात वजाबाकी केली. "शंभर पौंडांचं कोणीतरी हवंय. मावशी, तुमचं वजन किती?"

"चर्चच्या पायरीवर बाईला वजन विचारतोस? बाप गेला म्हणून सोडते तुला!"

पाद्रीबाबांनी घड्याळ पाहिलं. एलॉय चाकापाशी मटकन बसला. "मी शब्द दिला होता त्यांना," तो म्हणाला.

आईने पर्स काकांच्या हातात कोंबली.

"हात दे, फाकुंदो. आणि मला कोणी काही विचारायचं नाही."

काळा झगा सावरत ती हौद्यात चढली, पेटीला टेकून बसली. गेल्या चार महिन्यांत तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं; झगा तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. काका पर्स पोटाशी धरून मागे सरकले.

एलॉयने गुडघे टेकले आणि टेप काढली.

पुढे नऊ इंच. मागे नऊ इंच.