एकशे चाळीस मैलांची साक्ष

मतदानाचा हक्क पवित्र असतो, आणि पवित्र वस्तूला जितके कमी हात लागतील तितकी ती स्वच्छ राहते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ब्रॅनक काउंटीच्या निवडणूक कचेरीला हे फार लवकर उमगले. तिथली सातपैकी सहा मतदान केंद्रे ‘मतदारांच्या सोयीसाठी’ बंद झाली. (कोणत्या मतदारांच्या, ते जागेअभावी परिपत्रकात राहून गेले.) सहाही केंद्रे काळ्या लोकांच्या वस्त्यांतली होती, हा निव्वळ भूगोल.

लव्हिनिया टॉलिव्हर ही तिथलीच. वय चौऱ्याहत्तर, तीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त. तिचे केंद्र घरामागच्या चर्चमध्ये होते. ते चौतीस मैलांवर, शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीशेजारी गेले. मतदाराला सुरक्षित वाटावे हा हेतू. तिचा शेजारी ओबडाया फेनर याच्या नाकात ऑक्सिजनची नळी असते. साठ वर्षांपूर्वी यादीत नाव घालायला गेला तेव्हा त्याने पोलिसांचे दंडुके खाल्ले होते. गेल्या निवडणुकीत प्रथमच त्याचे मत हुकले. दिवसभर तो ओसरीत कोट घालून बसला होता. लव्हिनियाला ते फार लागले.

प्रत्येक मतदाराला पाच मैलांच्या आत केंद्र मिळावे असे विधेयक आले, तेव्हा ती एकशे चाळीस मैल गाडी हाकत राज्याच्या राजधानीला विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षीला गेली. सुनावणी नऊची होती. ऐनवेळी आठची केली होती. पण बस चालवणारी बाई, ती सातलाच हजर.

अध्यक्ष सिनेटर क्रील यांनी तिला उदारपणे दोन मिनिटे दिली. त्यांतले एक तिचे ओळखपत्र तपासण्यात गेले.

ती म्हणाली, “साहेब, तीस वर्षांत घर लांब आहे म्हणून एक पोर मी रस्त्यावर सोडलं नाही. आणि तुम्ही अख्खी वस्ती सोडलीत.”

“मिस टॉलिव्हर, आज तुम्ही किती मैल आलात?”

“एकशे चाळीस.”

“मग चौतीस जड का जावेत?”

“मला गाडी आहे. ओबडाया फेनरला नळी आहे.”

“ते आज आले आहेत का?”

“कसे येणार?”

“म्हणजे त्यांची तक्रार नाही,” असे म्हणून अध्यक्षांनी तशी नोंद करवली.

विधेयक पाचविरुद्ध दोन मतांनी पडले. या मतदानाला अकरा सेकंद लागले. (सदस्यांना ओळखपत्र विचारले नाही, रांगही नव्हती.) ज्येष्ठ नागरिक लांबचा प्रवास लीलया करतात, हा निष्कर्ष साक्षीदाराच्या नावासह अहवालात गेला.

परतीच्या वाटेवर लव्हिनिया रडली नाही. पेट्रोल पंपावर थांबून तिने पुढच्या सुनावणीचा अर्ज भरला. नोव्हेंबरात तिने ओबडायाला गाडीत घातले, सोबत ऑक्सिजनची दोन नळकांडी घेतली. सकाळी साडेसहाला दोघे रांगेला लागले. त्या राज्यात मतदानाच्या रांगेतल्यांना पाणी देणे गुन्हा असल्याने तहानही कायदेशीरपणे लागली. एक नळकांडे संपले, दुसरे अर्ध्यावर आले, तेव्हा पाऊण वाजता ओबडायाने मत दिले.

“किती वेळ लागला?” त्याने विचारले.

“सहा तास.”

“मागच्यापेक्षा बरं,” तो म्हणाला आणि गाडीत झोपून गेला.

वाचून आपल्याला हळहळ वाटली असेल. साहजिक आहे. आपले केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत असते, त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, आणि ती शनिवार-रविवारला जोडून आली की रिसॉर्टमध्ये खोली मिळवायला आपल्यालाही काही कमी रांग लागत नाही.