जांभळ्या कडीपर्यंत आलेलं गाव

कासारखिंडीच्या जलाशयावर स्कीची दोरी आखूड केली की पलीकडचं वाघदरे गाव अलीकडं सरकतं. दोरी पुन्हा सोडली की गाव मागं जाऊन आपल्या जागी बसतं. याची सगळ्यांना सवय झालेली आहे. वाघदऱ्याच्या कोंबड्या तेवढ्या अजून भांबावतात. पण कोंबडीला काय, भांबावायला निमित्तच हवं असतं.

सर्जेराव शेलार तिथल्या क्लबाची बोट चालवतो. पाण्यात सहा बोये, म्हणजे तरंगते गोळे, बांधलेले. बोट मधून नाकासमोर जाते आणि मागं दोरी धरून एकाच स्कीच्या फळीवर उभा असलेला खेळाडू एकदा डावीकडच्या, एकदा उजवीकडच्या बोयाला वळसा घालत येतो. सहाही जमले की दोरी पुढच्या रंगाच्या कडीला आखडायची: तांबडी, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी आणि शेवटी जांभळी. खेळाडू पडला की दोरी तिथंच. तिथं कुणाचा मुलाहिजा नाही, गावाचासुद्धा नाही.

आता या वाघदऱ्यात सर्जेरावाची बायको रतन माहेरी येऊन बसली होती आणि दोष सगळा त्याचाच होता. बोटीच्या अंगाला मेण चोळायला मऊ फडकं लागतं, हे खरं. म्हणून काय बायकोच्या लग्नातल्या शालूचा पदर घ्यायचा? या बहाद्दरानं घेतला. वर तिलाच हाक मारून म्हणाला, "बघ, कशी चकाकी आलीय!" रतननं चकाकी बघितली, पदर बघितला आणि पिशवी भरली.

"तुमच्या काठावर मी पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली.

"मग मी तरी तुझ्या काठावर कशाला टाकतोय," असं हा म्हणून बसला आणि त्याच रात्रीपासून त्याला घर खायला उठलं. पण दोघंही शब्दाचे पक्के. तेव्हा आता यायचं तर गावानंच यायला हवं होतं.

त्यातून उद्या सकाळी रतनचा भाऊ तिला इचलकरंजीला नेणार होता, कापडाच्या कारखान्यात कामाला. एकदा ती गेली की संपलं. इचलकरंजी कुठल्याच दोरीनं जवळ येत नाही.

सर्जेरावानं दुपारीच बोट तयार केली. बुडाचं बूच आवळलं, इंजिनाच्या जाळीतलं शेवाळ काढलं, पंख्याच्या पात्याला पडलेली खोच कानशीनं घासून सारखी केली. मनवा लिमये आली. ही पुण्याची दातांची डॉक्टर, दर रविवारी सरावाला यायची. आजवर हिरव्या कडीच्या पुढं तिची कधी मजल गेली नव्हती.

"डॉक्टरीणबाई, आज जांभळ्या कडीला दोरी लागली पाहिजे."

"अहो, माझ्याकडून हिरवीच होत नाही!"

"माझ्या संसाराचा प्रश्न आहे हो."

मनवानं साबणाचं पाणी लावून स्कीच्या घट्ट बुटात पाय सरकवले आणि म्हणाली, "चला."

पिवळीपर्यंत सगळं सुरळीत झालं. वाघदरे सरकत सरकत इतकं जवळ आलं की घाटावर लसूण सोलत बसलेली रतन दिसायला लागली. मान काही तिनं वर केली नाही. हिरव्या कडीला मनवा पाचव्या बोयाशी आपटली. पुन्हा गेली, पुन्हा तिथंच आपटली. सर्जेरावानं स्की वर घेऊन बघितली, तर खालचं पातं ढिलं झालेलं. ते केसभर मागं घेऊन त्यानं स्क्रू आवळले.

तेवढ्यात काठावरून वाघदऱ्याच्या सरपंच इंदुमतीकाकूंचा आवाज आला.

"शेलार, आटपा! दुधाची गाडी यायची वेळ झाली. गाव इकडं आलं की मागं रस्ता तोकडा पडतो, हे ग्रामसभेत सांगितलंय तुम्हाला."

"दोनच कड्या राहिल्यात, काकू."

"गाडीचा हॉर्न वाजला की दोरी सोडायची. मग कड्या किती का राहीनात."

मनवानं हिरवी पार केली. निळी तर अशी पार केली की तिचं तिलाच खरं वाटेना. सर्जेरावानं दोरी जांभळ्या कडीला अडकवली. वाघदरे आलं, आलं आणि बोटीपासून दोन हातांवर थांबलं.

"का थांबलं?" रतननं विचारलं. बोलली एकदाची!

"कड्या संपल्या," सर्जेराव म्हणाला.

बोटीवर चढता चढता मनवा म्हणाली, "जांभळ्याला दोरी बोयापर्यंतसुद्धा पोचत नाही, सर्जेराव. तिथून पुढं अंग टाकावं लागतं."

सर्जेरावानं एका हातानं बोटीवरचा दोरीचा खांब धरला, पाय बोटीच्या काठाला रोवले आणि सगळं अंग बाहेर झोकून दुसरा हात पुढं केला.

"चुकलं माझं, रतन. तुझ्या पदराला हात लावायला नको होता."

"एवढं म्हणायला गाव ओढून आणलंत?"

"तुझ्यावाचून घरात जीव लागत नाही."

रतननं लसणाचे हात पदराला पुसले आणि त्याचा हात धरला. नेमका तेव्हाच गावाच्या मागून हॉर्न वाजला.

"दोरी सोडा!" इंदुमतीकाकू ओरडल्या.

शब्द म्हणजे शब्द. मनवानं दोरी सोडली. वाघदरे मागं निघालं. सर्जेरावाचा एक हात बोटीत, एक हात गावात, आणि मधलं पाणी वाढायला लागलं.

"सोडा तो हात, पडाल!" रतन म्हणाली.

कुठला, ते तिनं सांगितलं नाही. सर्जेरावानं खांबावरची मूठ सोडली. गुडघ्यापर्यंत भिजून तो वाघदऱ्याच्या घाटावर चढला आणि गावाबरोबर मागं गेला.

"उद्या बोट कोण चालवणार?" मनवानं लांबून ओरडून विचारलं.

"क्लबातले तावडे आहेत! दोरी सावलीत वाळवा!"

गाव जागेवर बसलं. दुधाची गाडी भरून निघून गेली. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी आणून दिलं आणि रतनच्या भावाला उद्या यायला नको म्हणून कळवा, असं आत जाऊन कुणालातरी सांगितलं.

"आता घरी कधी जायचं?" रतननं विचारलं.

"डॉक्टरीणबाई जांभळ्या कडीपर्यंत आल्या की."

"आणि पडल्या तर?"

"मग गाव इथंच."

रतननं उरलेला लसूण पुढ्यात ओढला, अर्धा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पडू देत की दोन-चार रविवार."