फौजदाराचा पाय आणि माझी सही

मांजराच्या पायाला काय झालंय हे ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात! हे वाक्य मी पोळ्याच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, तोंडात कडुलिंबाची काडी धरून, माझ्याच अंगणात मोठ्यांदा उच्चारलं. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्यापासून चार मैलांवर. नाव सांगत नाही. दर पोळ्याला मला तिथं तोंड दाखवावं लागतं.

मी भिवा मास्तर, धनगर गल्लीतला पहिला मॅट्रिक. पण माझी खरी ख्याती मॅट्रिकची नव्हती, एका पुस्तकाची होती. तालुक्याला मास्तर लोकांचं शिबिर झालं. तिथं कुटुंब नियोजनाची पुस्तकं वाटत वाटत माझ्यापर्यंत येईतो संपली आणि माझ्या हातात ‘जनावरांचे रोग व उपाय’ पडलं. आमचं चौथं अपत्य आणि माझं जनावरांचं ज्ञान, दोन्ही त्याच शिबिराची देणगी!

आता आजारी कोण, तर आमचा बोका. नाव फौजदार. सकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांवरून एक चक्कर मारायची, प्रत्येक चुलीपाशी आपला वाटा घ्यायचा, मिशा पुसायच्या, आणि काम म्हणून काही करायचं नाही. दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. रात्रीचा मुक्काम शेजारच्या धुळाजीआबांच्या गोठ्यात, बैलांच्या गव्हाणीत. आबा माझे चुलत चुलते. तर हा फौजदार त्या सकाळी उजवा पुढचा पाय वर धरून तीन पायांवर घरी आला.

“काटा असंल,” गोपिका म्हणाली. ही माझी बायको. चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती. “धरा त्याला, मी बघते.”

“काटा! काटा असता तर पाय उचलून धरला असता.”

“धरलाच है की उचलून.”

“तसा न्हाई! शास्त्रीय कारण असणार. तू पुरणाकडं बघ.”

मी पुस्तक काढलं. पायाच्या दुखण्यावर कडुलिंबाचा पाला वाटून, तुरटी मिसळून लेप द्यावा असं पान नऊवर होतं. बैलाला किती पाला तेही होतं. बोक्याला किती ते नव्हतं, म्हणून मी बैलाचंच माप घेतलं. कमी पडायला नको! वाटीभर हिरवागार लेप तयार झाला. फौजदाराला पोत्यात गुंडाळून मी तो थापला. या कामात माझ्या हातावर तीन, गालावर एक आणि नाकावर अर्धा ओरखडा उमटला. अर्धा अशासाठी की तेवढ्यात मी नाक मागं घेतलं.

सुटल्याबरोबर फौजदारानं काय केलं? कोणतंही मांजर करील तेच. बसला आणि पंजा चाटला. एकदा चाटला, थांबला, माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या बापाच्या इस्टेटीवर दावा लावलाय. मग डोकं झटकायला लागला. तोंडाला फेस, हनुवटीखाली लाळेच्या तारा!

मी थरारलो. पान अकरा उघडलं. ‘लाळ-खुरकत. जनावर लंगडते. तोंडातून लाळ गळते. खाणेपिणे सोडते.’ पुढं दूध ठेवलं. फौजदारानं तोंड फिरवलं. तीनपैकी तीन लक्षणं! माझ्या वर्गात एवढे मार्क कुणाला कधी पडले नव्हते.

“गोपिका! खुरकत है ही! लाळ-खुरकत!”

“अहो, तुमचा पालाच चाटलाय त्यानं! तोंड कडू झालंय त्याचं!”

“तुला काय कळतंय? छापील है!”

खुरकत हा शब्द आमच्याकडं ओरडायचा शब्द नव्हे. आणि तोही पोळ्याच्या दिवशी! चार वर्षांमागं त्या रोगानं गावातले निम्मे बैल बसवले होते. त्यामुळं माझा आवाज कुंपणापलीकडं गेला आणि तिथून स्वतःच्या पायांनी गावात निघाला. आमच्या अंगणातून निघाला तेव्हा एक बोका आजारी होता. पिठाच्या गिरणीपाशी धुळाजीचे बैल लंगडत होते. मारुतीच्या पारावर पोचेपर्यंत धनगर गल्लीत तीन बैल दगावले होते!

अर्ध्या तासात सरपंच साहेबराव दारात हजर. मागं पंचवीस माणसं.

आता इथं मानाची गोष्ट सांगायला पाहिजे. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी जाते ती मानाची. हा मान आजवर साहेबरावांच्याच घराचा. त्या वर्षी मात्र लोकांनी कुरकुर केली, म्हणून मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली धुळाजीआबांची! धनगर गल्लीची जोडी पहिली कधीच गेली नव्हती. आबांचा हरण्या म्हातारा झाला होता. पुढच्या पोळ्याला असेल-नसेल. महिनाभर आबा बैलांशीच बोलत होते, बायकोशी, साखराबाईकाकूशी, बोलायचं त्यांना आठवत नव्हतं.

“मास्तर,” साहेबराव म्हणाले, “खुरकत है म्हणता?”

“लक्षणं बराबर जुळतात,” मी म्हणालो.

“बोका झोपतो कुठं?”

गर्दीतून साखराबाईकाकू मोठ्या कौतुकानं म्हणाली, “आमच्याच गव्हाणीत! हरण्याच्या तोंडापाशी! हरण्या चाटतो बी त्याला!”

बिचारीला वाटलं, आपण चांगलंच सांगतोय. साहेबरावांचा चेहरा एकदम गंभीर झाला. इतका गंभीर की आतून किती आनंद झाला असेल ते मला दिसायला हवं होतं.

“मंग धुळाजीची जोडी वेशीत आणता येणार न्हाई. साऱ्या गावच्या बैलांचा सवाल है. मास्तर, तुम्ही शिकलेले. जल्दी लिहून द्या.”

लिहून द्या! मास्तराला हे दोन शब्द म्हणजे पेढा. कागद काढला. आधी ‘सदर बोका’ लिहिलं. पण दाखल्यात बोका बरा दिसेना, म्हणून खोडून ‘सदर जनावर’ केलं. ‘सदर जनावर लंगडते व त्याच्या तोंडातून लाळ गळते. सबब सदर जनावर व त्याच्या सहवासातील सर्व जनावरे चौदा दिवस वेगळी बांधावीत.’ खाली सही. सहीखाली शाळेचा गोल शिक्का. शिक्का अंमळ तिरका पडला म्हणून दुसरा मारला.

लोक गेले. मी वळलो तर कुंपणापाशी धुळाजीआबा. बैलांची शिंगं रंगवता रंगवता तसेच आले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

“मास्तर, माह्या बैलाला काय झालंय?”

आबा मला जन्मापासून भिवा म्हणायचे. मॅट्रिक झालो तेव्हाही म्हणाले, भिवा, आता नाक पुसत जा. त्या दिवशी पहिल्यांदा मास्तर म्हणाले.

“आबा, खबरदारी म्हणून फक्त...”

“एक शिंग रंगवलंय. बाकीचे रंगवू का ऱ्हाऊ दिऊ? तेवढं सांगा.”

ते उत्तराची वाट न बघता गेले.

“जा,” गोपिका म्हणाली. “वेशीत जा आन् सांगा, माझं चुकलं म्हणून.”

“चुकलं कसं म्हणू? शिक्का मारलाय मी! तोबी दोनदा!”

“मंग बोका आणा. पाय दाखवू सगळ्यांला.”

हे सोपं वाटलं. पण फौजदार होता कुठं? सदर जनावर वेगळं बांधायचं म्हणून निम्मं गाव काठ्या आणि दोऱ्या घेऊन त्याच्या मागं लागलं होतं! तीन पायांवर तो सगळ्यांना पुरून उरला. एका घरच्या पुरणात पाय बुडवून, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून, झेंडूच्या माळांमधून, दुपारी तीनच्या सुमाराला तो वेशीच्या कमानीवर जाऊन बसला. बरोबर तोरणाच्या वर!

खाली सगळं गाव जमलेलं. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. साहेबरावांची जोडी सगळ्यांच्या पुढं. आणि लांब, शाळेच्या भिंतीपाशी, धुळाजीआबांची जोडी. झूल नाही, माळ नाही. हरण्याचं एकच शिंग लाल. वाजंत्री सुरू झाली तसा हरण्या कान उभारून पुढं निघायला बघत होता आणि आबा त्याला धरून होते. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या चौथी नापासलाही वाटलं नव्हतं.

“सरका!” मी ओरडलो आणि वहाणा काढून तोरणासाठी लावलेली शिडी चढलो.

“फौजदार, ये रे, ये बाळा...”

सकाळचा लेप तो विसरला नव्हता. चार पायऱ्या राहिल्या तेव्हा त्यानं दुखरा पाय टेकवून बऱ्या पायानं माझ्या नाकावरचा राहिलेला अर्धा ओरखडा पूर्ण केला. मी दोन्ही हातांनी नाक धरलं. शिडी धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. खाली कडब्याची पेंढी होती म्हणून वाचलो, पण डावा पाय मुरगळला. उठलो आणि एका पायावर नाचायला लागलो. गावानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मिरवणुकीतलंच काहीतरी असेल.

तेवढ्यात गर्दीतून गोपिका आली. एका हातात लेपाची वाटी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. कमानीखाली बसली, पुडी सोडली. वास सुटला आणि सगळ्या वेशीची नाकं वर झाली. सुकट! वाळलेली मासळी!

“मास्तरीणबाई,” साहेबराव खेकसले, “श्रावण है अजून!”

“बोक्याला सांगा,” गोपिका म्हणाली.

श्रावण कसा पाळावा यावर मी दरवर्षी शाळेत भाषण द्यायचो. त्याच भाषणकर्त्याच्या घरात, डाळीच्या डब्यामागं, ही पुडी सगळा श्रावण उद्याची वाट बघत बसली होती. लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी मुरगळलेल्या पायाकडं बघितलं.

फौजदार दोन उड्यांत खाली. गोपिकेच्या मांडीवर बसून सुकट खायला लागला. तिनं त्याचा पंजा उलटा केला, बांगडीतली टाचणी काढली, नखाच्या बुडाशी एकदाच टोचली आणि बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला. काटा! आपल्या शेतात वहाणेला चिकटतो तोच, सराट्याचा! हरभऱ्याच्या डाळीएवढासुद्धा नव्हता.

“ही तुमची खुरकत,” ती म्हणाली.

फौजदारानं चारी पाय जमिनीला टेकवून उरलेली सुकट संपवली. लोक हसायला लागले. पण साहेबराव इतक्यात मान सोडणारे नव्हते. “काटा म्हणून लंगडत व्हता, कबूल. पण लाळ? लाळेचं काय? दाखल्यात लाळ है! सही है, शिक्का है!”

“हा लेप चाटला म्हणून गळली,” गोपिकेनं वाटी पुढं केली. “चाटून बघा.”

साहेबराव दोन पावलं मागं सरकले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. शाळेच्या भिंतीपासून धुळाजीआबांनीही बघितलं.

खरं म्हणजे एवढंच म्हणायचं होतं, लोकहो, माझं चुकलं. दोन शब्द. पण ते माझ्याच्यानं म्हणवेनात. सात गावच्या पोरांना चूक-बरोबरच्या खुणा करणारा माणूस मी! त्यापेक्षा चाटणं सोपं वाटलं. मी वाटीत बोट बुडवलं आणि भरघोस चाटलं.

अहाहा! फौजदारा, क्षमा कर रे मला! जीभ आत जाईना, तोंड मिटेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हनुवटीवरून लाळेच्या तारा थेट सदऱ्यावर! मी ‘पाणी, पाणी’ म्हणत एका पायावर लंगडत वेशीत गोल गोल फिरायला लागलो.

साहेबरावांनी शांतपणे खिशातून माझा कागद काढला. हरायची वेळ आली की हा माणूस मोठा न्यायी व्हायचा. खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, “सदर जनावर लंगडते. व त्याच्या तोंडातून लाळ गळते.” एकदा कागदाकडं, एकदा माझ्याकडं. “बिलकुल बराबर है. सबब सदर जनावर चौदा दिवस वेगळे बांधावे! धुळाजी, आण तुही जोडी!”

वेशीत असा हशा उसळला की दोन बैल बुजले. पाच जणांनी मला उचललं आणि शाळेच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. वर एकानं पुढ्यात पेंढीही टाकली! आणि तिकडं सगळी गल्ली आबांच्या जोडीवर तुटून पडली. कुणी झूल टाकतंय, कुणी माळा बांधतंय. साखराबाईकाकू रडत रडत बेगड चिकटवत होती. रंगाला वेळच नव्हता. हरण्या एक शिंग लाल आणि एक काळं घेऊन तोरणाखालून पहिला गेला! फौजदार चारी पायांवर त्याच्या पुढं चालला होता, पुरता बंदोबस्तावर.

ओट्यावर मला दुसरं काम नव्हतं. खिशातलं पुस्तक काढलं आणि पान बारा उलटलं. ते मी कधी वाचलंच नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, ‘हा रोग फक्त खूर असलेल्या जनावरांना होतो.’ मी पुस्तक मिटलं आणि त्यावर बसलो.

मिरवणूक फिरून शाळेपाशी आली. आबांनी जोडी थांबवली. मी मान खाली घातली. आता बोललंच पाहिजे होतं.

“आबा,” मी म्हणालो. जीभ अजून जड होती, पण शब्द निघाले. “माझं चुकलं.”

आबा हरण्याकडं वळले. त्याच्या गळ्यातला एक लाल गोंडा सोडला, ओट्यापाशी आले आणि तो माझ्या गळ्यात बांधला. गाठ चांगली घट्ट मारली. बघणारे विचारायला लागले, आबा, हे काय करून राह्यले?

“वेगळं बांधलं म्हणून काय झालं,” आबा म्हणाले, “जनावर घरचंच है. भिवा, नाक पूस.”