थेंबाचे घन किलोमीटर

लहान कामाला लहान मापं शोभतात आणि मोठ्या चुकीला मोठी मापं फार शोभतात. हे सत्य वेळेवर उमगल्यामुळे एका शहराच्या पाणी खात्याने रूपांतर कक्ष उघडला. कक्षात एक टेबल, एक पंखा (तोंड साहेबांच्या खोलीकडे) आणि एक कारकून. त्याला सगळे दशांशराव म्हणत.

दशांशरावांचं काम दोन नियमांत मावत असे. खात्याने लोकांना दिलेलं पाणी थेंबांत मोजायचं. खात्याच्या हातून वाया गेलेलं घन किलोमीटरमध्ये. त्यामुळे भर उन्हाळ्यात तलावाचा तळ दिसू लागला तरी 'चाळीस लाख कोटी थेंब शिल्लक' असं जाहीर होई आणि माणसं निर्धास्तपणे रिकाम्या बादल्या घेऊन नळापाशी बसत. गळतीच्या तक्त्यात मात्र दशांशचिन्हापुढे तीनच घरं होती. एक घन किलोमीटर म्हणजे एक लाख कोटी लिटर. या हिशेबाने गेल्या अकरा वर्षांत शहरात काहीही गळलं नव्हतं. (मोठी जलवाहिनी फुटली तेव्हा निम्मा भाजीबाजार वाहून गेला, पण तिसऱ्या घरापर्यंत पोचणं काही तिला जमलं नाही.)

दशांशरावांना आपल्या शून्यांचा अभिमान होता. ती ते वळणदार काढत.

मग एक दिवस त्यांची थोरली बहीण कक्षात आली. ताई निवृत्त परिचारिका. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक जुनी, आता कुणाच्याच उपयोगाची नसलेली नळी जाई. तिचा सांधा गळत होता. भिंतीला पोपडे आले होते आणि एक फळी डब्यांसकट खाली आली होती.

"मिनिटाला साठ थेंब," ताई म्हणाली. "दिवसाला शहाऐंशी हजार चारशे. लिही."

"ताई, थेंबांत नाही लिहिता येत. थेंब पुरवठ्याला."

"मग लिटरमध्ये लिही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. सलाइन मोजण्यात हयात गेली माझी, मला शिकवू नकोस. सव्वाचार लिटर होतात."

दशांशरावांनी नियमाप्रमाणे रूपांतर केलं. ०.००० आलं. सख्खी बहीण म्हणून त्यांनी दोनदा करून पाहिलं. मग तिला उत्तर दिलं: गळती आढळत नाही, ती याच वेगाने चालू राहिल्यास सुमारे सहा लाख चौतीस हजार वर्षांनी तक्त्यात दिसू लागेल, तोवर अर्जदाराने सहकार्य करावे.

ताईने कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि भावाशी बोलणं टाकलं. तीन महिने. दशांशरावांना जेवण गोड लागेना. रविवारी ते तिच्या दाराशी जात. दार उघडं असे, पण ताई बोले ती भिंतीशी. भिंत फुगून बाहेर आली होती, त्यामुळे तीच जवळची वाटत असावी.

चौथ्या महिन्यात ते दारातूनच म्हणाले, "ताई, तक्रार करू नकोस. आभार मान."

"कुणाचे?"

"खात्याचे. पाणी देतंय ना तुला?"

ताईने भावाकडे पाहिलं. लहानपणी त्याने पहिल्यांदा नाक स्वतः पुसलं तेव्हा पाहिलं होतं, तसं. दुसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं: 'आपण माझ्या भिंतीस रोज शहाऐंशी हजार चारशे थेंब पाणी न मागता देता. उपकार कसे फेडू?'

पत्र पुरवठ्याच्या तक्त्यात गेलं. पाच आकडी पुरवठा, तोही एकाच घराला! साहेब हरखले. 'भिंत तिथे पाणी' ही योजना मंजूर झाली. मंडप पडला. साहेबांनी भिंतीला हार घातला, फीत कापली, बारा छायाचित्रं निघाली.

उद्घाटन झालेल्या योजनेकडे खातं पुन्हा फिरकत नाही, हा तिसरा नियम. (हा लिहिलेला नाही, पण पाळला जातो तो हाच.) आता पाहायला कुणी येणार नव्हतं, म्हणून समारंभ संपताच फिटरने त्या नळीची झडप कायमची बंद केली. सांधा सुकला, आठवड्याने भिंतही. ताईने भावाला जेवायला बोलावलं आणि त्याच्या पानात भाजी वाढली ती डावाने. थेंब मोजले नाहीत.

पुढे दुसऱ्या शहराचे अधिकारी मापांची ही पद्धत शिकायला आले. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या नाही," दशांशराव प्रामाणिकपणे म्हणाले. "खात्याने घरोघर पाहणी केली होती. आपल्याला उशीर झाला की लोक मिनिटांत सांगतात आणि दुसऱ्याला झाला की युगांत. आम्ही तेच फक्त पाण्याला लावलं."

पाहणी करणारा तुमच्याही दारात आला होता. "दोन मिनिटांत येतो," म्हणून तुम्ही आत गेलात. तो अजून उभा आहे.