इमारतीतला सरासरी नवरा

संख्याशास्त्राच्या सरांना आठवड्यातून एकदाच धड झोप मिळे, रविवारी दुपारी. बाकीचे दिवस प्रथम वर्षाच्या पोरांना सरासरी, मध्यक आणि बहुलक यांतला फरक समजावण्यात जात. शनिवारी नापासांचा जादा तास असे आणि तो संपल्यावर सरांचाच त्या फरकावरचा विश्वास उडालेला असे. तेव्हा रविवारचे जेवण झाले की पडदा ओढायचा आणि चारपर्यंत जगाचे तोंड बघायचे नाही, एवढे एकच सुख त्यांनी राखून ठेवले होते. तेही गेले.

झाले असे की, मुलांना प्रत्यक्ष सर्वेक्षण करायला लावायचे होते. गावात पाठवायचे तर परवानग्या आणि सह्यांचे लचांड. सर आधीच मेटाकुटीला आलेले. ते म्हणाले, "आमच्याच इमारतीत करा. बारा बिऱ्हाडं आहेत, सगळी कॉलेजचीच." प्रश्न एका मुलीने सुचवला: घरातला पुरुष रोज किती वेळ घरकाम करतो? सरांनी अर्धवट ऐकून मान डोलावली. इथेच माशी शिंकली.

पोरे रविवारी सकाळी दारोदार फिरली. बायका स्वयंपाकघरात, त्यामुळे दार उघडायला पुरुष. समोर आपलेच विद्यार्थी उभे असताना "काहीच करत नाही" असे कोण सांगणार? ग्रंथपाल म्हणाले दीड तास, हेडक्लार्क म्हणाले दोन. भौतिकशास्त्रवाल्या सरांनी आधी "बाकीच्यांनी किती सांगितलं?" असे विचारून घेतले आणि तीन सांगितले. आपले सर चहा प्यायल्यावर कपसुद्धा जागचा हलवत नसत. तेही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "लिहा, दोन."

सरासरी निघाली दोन तास दहा मिनिटे. ज्यांनी माहिती दिली त्यांना निष्कर्ष कळवावा, हे सरांनीच शिकवलेले. म्हणून मुलांनी छानसा रंगीत तक्ता करून जिन्यापाशी लावला.

पुढच्या रविवारी सरांनी पडदा ओढला आणि पत्नीने तो परत उघडला.

"इमारतीतले पुरुष रोज दोन-दोन तास राबतात म्हणे," ती म्हणाली. "मलाच मेलीला पत्ता नव्हता."

"अगं, नुसत्या सरासरीवर जाऊ नये. एखादाच पंधरा तास करत असेल आणि बाकीचे जेमतेम एकेक."

"कोण तो?"

"उदाहरणार्थ म्हणतोय मी."

"मग उदाहरणार्थ भांडी घासा."

बाराही घरांत हेच चालले होते. प्रत्येक बाईची खात्री पटली होती की अकरा नवरे सोन्यासारखे आहेत आणि बारावे ध्यान नेमके आपल्या पदरी पडले आहे. संध्याकाळी तीन शेजारी सरांकडे आले. तिघांचीही बोटे पाण्याने सुरकुतली होती.

"सरासरी खाली आणा," भौतिकशास्त्रवाले म्हणाले.

"सरासरी म्हणजे काय पंखा आहे, बटण फिरवून कमी करायला?"

"पोरं तुम्ही पाठवलीत, आता तुम्हीच निस्तरा," हेडक्लार्क म्हणाले. "माझी कंबर गेली."

सर थकले होते, पण झोपेसाठी माणूस विचारही करतो. "आपलं चुकलं ते पुरुषांना विचारण्यात," ते म्हणाले. "स्वतःबद्दल विचारलं की माणूस फुगवणारच. आता बायकांना विचारू. त्यांना काय पडलंय आपलं कौतुक करायचं? बाराही घरांतून शून्य येईल. सगळेच सारखे ठरलो की कोण कुणाला बोलणार?"

"पण अब्रू जाईल हो," ग्रंथपाल पुटपुटले.

"अब्रू हवी की झोप?"

तिघांनी एकमेकांकडे बघितले. झोप हवी होती.

तिसऱ्या रविवारी पोरे पुन्हा दारोदार फिरली, या वेळी बायकांना विचारत. सरांनी निश्चिंत मनाने जेवण उरकले, पडदा ओढला आणि आडवे झाले. डोळा लागणार तोच प्रश्न सुचवणारी ती मुलगी आकडे घेऊन दारात हजर.

"सर, नवी सरासरी आली. तीन तास पन्नास मिनिटं."

"बेरीज चुकली असेल."

"पुन्हा पुन्हा केली सर. तक्ता आत्ताच लावून आलो."

मुलगी गेल्यावर सरांनी आत येऊन पत्नीला विचारले, "तू किती सांगितलंस?"

"साडेचार तास."

"साडेचार? मी?"

"समोरची दारात उभी राहून मोठ्यानं चार सांगत होती. मग मी काय मान खाली घालून शून्य म्हणू? माझ्या नवऱ्याला कुणी नावं ठेवलेली मला नाही चालायची."

सरांना भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात आपली बाजू कुणी अशी घेतलेली त्यांना आठवत नव्हती. ते काहीतरी गोड बोलणार होते, पण पत्नीने पडदा बाजूला सारला आणि पदर खोचला.

"पण खोटं बोलायची मला सवय नाही हं," ती म्हणाली. "दीड वाजलाय. सहापर्यंत होतील साडेचार. चला."